तिखोन लुकिचचा वाढदिवस

आमच्या ऑफिसात सगळ्यांत जुने म्हणजे तिखोन लुकिच. जाड, चकचकीत पानांचं रबराचं झाड. मी इथे यंत्रांचे नकाशे काढायला लागले त्याच्याही आधीपासून ते खिडकीशी कुंडीत उभे होते आणि वाढून वाढून छताला टेकले होते. इथे कुणालाही नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही, पुढे बापाचं नाव लावावं लागतं. मग झाडालाच कशाला पोरकं ठेवायचं, म्हणून कुणीतरी त्यांना लुका नावाचा बाप मिळवून दिला. वाढदिवस वगैरे त्यांचा कधी कुणी केला नव्हता. तो करायची पाळी आली ती ग्रिशामुळे.

ग्रिशाचं खरं नाव गिरीश वसंत पोतनीस, गाव सांगली. आमची कंपनी केफिरच्या, म्हणजे पातळ आंबट दह्याच्या, पिशव्या भरणारी यंत्रं बनवते. त्या यंत्रांना कॉम्प्युटरचं डोकं बसवायला तो दोन वर्षांपूर्वी इथे रशियात, पेर्मला आला. परदेशी माणसाला बापाचं नाव कसं चिकटवायचं, हा आमच्याकडे नेहमीचा वांधा. एकदा एका इटालियन माणसाला बापाचं नाव विचारलं तर त्याला वाटलं आम्ही त्याचं कूळ काढतोय, दोन दिवस बोलला नाही. ग्रिशाच्या पासपोर्टात मात्र बापाचं नाव मधोमध तयारच होतं. वसंतोविच. पहिल्या दिवशी मी त्याला सगळ्यांच्या ओळखी करून दिल्या, तर तो झाडापुढेही वाकून म्हणाला, "नमस्कार, तिखोन लुकिच." तिथेच तो मला आवडला.

शिकवावं मात्र बरंच लागलं. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा, त्यानेच टेबल मांडायचं, बाकीच्यांनी फक्त खायला यायचं. यात न कळण्यासारखं काय आहे? पण गेल्या वर्षी हा दिवसभर आमच्या तोंडाकडे बघत बसला, की ही मंडळी केक कधी काढतात; आणि आम्ही दुपारचं न जेवता त्याच्या तोंडाकडे, की हा कधी काढतो. संध्याकाळी सगळे उपाशी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मी त्याला बाजूला घेऊन शहाणं केलं, तेव्हा बिचारा एकदम चार केक घेऊन आला.

यंदा त्याचा वाढदिवस शुक्रवारी होता, नोव्हेंबरच्या अखेरीला. भेट आम्ही आधीच आणून ठेवली होती. आमच्या खोलीतला स्तेपान, यंत्रं जोडणारा इंजिनियर, मासेमारीचा वेडा. त्याने हट्टाने बर्फात भोक पाडायचं गिरमिट घ्यायला लावलं, म्हणजे कामा नदी गोठली की ग्रिशाला घेऊन बर्फावर बसता येईल. माणसाच्या छातीएवढं उंच ते धूड आम्ही तिखोन लुकिचच्या मागे लपवलं होतं.

बुधवारी सकाळी ग्रिशा कारखान्यात गेला होता तेव्हा नोकरभरतीची कपितोलिना आत आली आणि तिने पाठीमागे दार लावून घेतलं.

"फाइना, बस खाली," ती मला म्हणाली. "ग्रिशा शुक्रवारी किती वर्षांचा होतोय, माहितीये?"

"असेल पस्तीस-छत्तीस. केस बघ की त्याचे."

कपितोलिनाने बोलायचं टाळून दोन्ही हातांची बोटं चार वेळा उघडमीट केली.

आमचे विभागप्रमुख वॅलेरियान निकितिच पाव खात होते, त्यांनी घास तसाच खाली ठेवला. स्तेपानने डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं. मी लाकडी टेबलावर बोटं आपटली; अशुभ टळावं म्हणून आमच्याकडे हेच करतात. माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी त्याचा आत्मा हे जग सोडतो आणि त्या दिवशी सगळे जमून जेवतात. आता जित्या माणसाने त्याच आकड्याला टेबल मांडायचं म्हणजे मरणाला आपल्या हाताने घरचा पत्ता देण्यासारखं आहे. हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. चाळिशी कुणी करत नाही. तो दिवस गपचूप जाऊ द्यायचा आणि पुढल्या वर्षी दुप्पट खायचं.

"माझ्या मेहुण्याने केली," वॅलेरियान निकितिच म्हणाले. "हॉटेलात. बँड लावून. आठवड्यात न्हाणीघरात पडला."

"गेला?" स्तेपानने विचारलं.

"नाही. पण बायको गेली. बँडवाल्याबरोबर."

"त्याला सांगायला हवं," मी म्हणाले.

"काय सांगणार?" कपितोलिना माझ्यावरच उखडली. "तोंडाने आकडा काढायचा? त्याच्या समोर? अगं, सांगणं म्हणजे निम्मं साजरं करणंच झालं! आणि त्याला माहीत असणारच. एवढा शिकलेला माणूस."

मग ठरलं असं की शुक्रवार हा साधा शुक्रवार. शुभेच्छा तोंडाने नाहीत, डोळ्यांनी नाहीत, मनातल्या मनातही नाहीत. कारखान्यापर्यंत निरोप गेला, फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत गेला.

जाता जाता कपितोलिना आणखी एक सांगून गेली. ग्रिशाचा पुढच्या दोन वर्षांचा करार मोठ्या साहेबांच्या टेबलावर पडून होता, आणि राहतोस की जातोस ते त्याने शुक्रवारी पाचच्या आत सांगायचं होतं. ते मला माहीत होतं. सोमवारीच तो मला म्हणाला होता, "घरचे म्हणतात परत ये. काम इथलं मला आवडतं, फाइना बोरिसोव्ना. पण दोन वर्षं झाली, इथे मला माझी माणसं आहेत की नाहीत तेच कळत नाही." मी म्हटलं, वेडा आहेस का. पण आमच्याकडे कुणी उगीच हसत नाही, उगीच पाठीवर हात टाकत नाही, त्याला बिचाऱ्याला कळणार कसं?

मला तो जायला नको होता, सरळ सांगते. माझा मुलगा व्लादिवोस्तोकला असतो, नव्या वर्षाला फोन करतो. ग्रिशा रोज सकाळी टोपी काढायच्या आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करतो.

शुक्रवारी तो आला तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. केक, कोबीचे भरले पाव, खारवलेली काकडी, आणि टॉवेलात गुंडाळलेलं एक मोठं पातेलं. गळ्यात टायसुद्धा होता. सगळ्या खोलीभर हसत उभा राहिला. स्तेपानने त्याच्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला. वॅलेरियान निकितिचनी कागदात डोकं घातलं. मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं आणि अर्धी पेन्सिल संपेपर्यंत करत राहिले.

"फाइना बोरिसोव्ना, गुडघा कसा आहे?"

"आहे तिथेच आहे."

"एक वाजता मीटिंगच्या खोलीत या हं सगळे. यंदा मी विसरलो नाही." पातेल्यावरचा टॉवेल त्याने कौतुकाने बाजूला केला. "हे मी स्वतः केलंय. पहाटे उठून."

मी डोकावले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रवाळ शिजवलेलं गोड धान्य आणि वर बेदाणे. असलंच धान्य-बेदाण्यांचं गोड आमच्याकडे मयताच्या जेवणात सगळ्यांत आधी खातात, त्याला कुटिया म्हणतात. वॅलेरियान निकितिचही येऊन बघून गेले.

"ग्रिशा," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "ही... कुटिया तर नाही ना?"

"नाही हो, शिरा आहे. आमच्याकडे आनंदाच्या दिवशी करतात."

"आनंदाच्या," असं म्हणून त्यांनी कोट चढवला. "मला एक वाजता दातांच्या डॉक्टरकडे जायचंय." त्यांच्या तोंडात एकही दात स्वतःचा नाही.

अकराच्या सुमाराला तर कहरच झाला. सांगलीहून त्याच्या आईचा फोन आला, चेहरा दिसणारा. बाई नटून बसली होती. हातात ताट, ताटात पेटलेला दिवा, आणि ते ताट ती फोनपुढे, म्हणजे ग्रिशाच्या तोंडापुढे, गोल गोल फिरवायला लागली. वर काहीतरी गुणगुणतही होती.

"दिवा!" कपितोलिना दारात येऊन थिजली. "जित्या माणसापुढे! आजच्या दिवशी!"

स्तेपानला दुसरं काही सुचलं नाही, त्याने झाडणाऱ्या बाईचं कचरा ओढायचं मशीन ओढत आणलं आणि ग्रिशाच्या खुर्चीमागे चालू केलं. मी झेरॉक्सचं मशीन लावलं आणि कोऱ्या कागदाच्या प्रती काढत सुटले. ग्रिशा एका कानात बोट घालून ओरडत होता, आई तिकडून ओरडत होती, आणि आम्ही घाम पुसत त्याचा जीव वाचवत होतो. शेवटी त्याने फोन बंद केला. मग टाय जरासा सैल केला.

एक वाजला. स्तेपान कारखान्यात पळाला, कपितोलिनाने स्वतःला आतून कोंडून घेतलं. मी जाणार नव्हते. पण मीटिंगच्या खोलीवरून गेल्याशिवाय पाण्याच्या किटलीकडे जाता येत नाही, आणि दार उघडं होतं. लांब टेबलावर सगळ्यांच्या बशा मांडलेल्या, कप मांडलेले, प्रत्येक कपाखाली घडी घातलेला कागदी रुमाल. टेबलाच्या टोकाला ग्रिशा एकटा बसला होता.

"या ना, फाइना बोरिसोव्ना."

"मी खिडकी बंद करायला आले होते," मी म्हणाले. खिडकी ऑक्टोबरपासून चिकटपट्टीने बंद होती. मी जाऊन ती आणखी दाबली.

"माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग सगळे कुठे गेले?"

काय सांगणार होते मी त्याला? जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण जीभ उचलेना. आपण बोलावं आणि उद्या याचा पाय घसरावा, मग जन्मभर आपल्याला झोप नाही.

"आज शुक्रवार आहे," मी म्हणाले.

"कळलं," ग्रिशा म्हणाला, आणि उठून बशा एकात एक घालायला लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीस वर्षांचा बाप्या माणूस, आणि मी त्याला तसाच सोडून बाहेर आले.

मी तडक जिन्यात गेले. आमची मंडळी लपायची असली की जिन्यातच लपतात. दातांच्या डॉक्टरकडे गेलेले वॅलेरियान निकितिचही तिथेच सिगारेट ओढत होते.

"तो जाणार," मी म्हणाले. "पाच वाजता वर जाऊन नाही म्हणून सांगणार. आपण त्याला वाचवला, आणि आपणच हाकलला. शाबास! टाळ्या वाजवा!"

"मग एक्केचाळिसावा करू," स्तेपान म्हणाला. "आगाऊ."

"आगाऊ?" कपितोलिना किंचाळली. "आगाऊ शुभेच्छा दिल्या तर माणूस तिथवर पोचत नाही! तू त्याचा मित्र आहेस की वैरी?"

"बरं, एकोणचाळिसावा. उशिरा."

"तो झालाय. तूच तीन तुकडे खाल्लेस केकचे."

मग वॅलेरियान निकितिचनी सिगारेट विझवली. "दुसऱ्याच कुणाचा तरी करू," ते म्हणाले. "आज कुणाकुणाचा आहे?"

कपितोलिनाला अख्ख्या कारखान्याच्या जन्मतारखा पाठ. आज दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

"तिखोन लुकिचचा," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कपितोलिना म्हणाली, तोंडी चालणार नाही, हुकूम निघायला हवा. तिने बसून हुकूम टाइप केला आणि सहीसाठी वर नेला. मोठ्या साहेबांनी विचारलं, "हे त्या भारतीयासाठी?" ती म्हणाली, "छे, छे. झाडासाठी." ते म्हणाले, "मग हरकत नाही," आणि सही करून वर शिक्काही मारला.

"किती वर्षांचे झाले म्हणायचे?" स्तेपानने विचारलं. "कुणीतरी विचारेलच."

"सोपं आहे," वॅलेरियान निकितिच म्हणाले. "मी नोकरीला लागलो त्याच हिवाळ्यात तेव्हाच्या हिशेबनीस निना येगोरोव्नाने ही फांदी आणली. दह्याच्या ग्लासात होती. म्हणजे..." ते बोटांवर मोजायला लागले, आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे तुमच्या नोकरीला आता..." स्तेपान म्हणायला लागला, तर कपितोलिनाने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"तेवीस," मी म्हणाले. "दिसतातही तेवीसचेच. चला."

चारच्या पुढे आम्ही खोलीत शिरलो तेव्हा ग्रिशाने कोट घातला होता. पातेलं पुन्हा टॉवेलात गुंडाळलेलं होतं. स्तेपानने आणि मी कुंडी ओढत ओढत ग्रिशाच्या टेबलापाशी आणली. मागून कारखान्यातले लोक, पहारेकरी, झाडणारी बाई, सगळे आत आले. कपितोलिनाने हुकूम वाचून दाखवला. ग्रिशा आमच्याकडे असा बघत होता की आता पोलिसांना बोलवावं की डॉक्टरला.

"झाडाचा?" तो म्हणाला. "आज झाडाचा वाढदिवस आहे?"

"हुकूम आहे," कपितोलिना म्हणाली.

वॅलेरियान निकितिचनी पेला उचलला, ग्रिशाकडे पाठ केली आणि झाडाला म्हणाले, "तिखोन लुकिच! तुम्ही गरम देशातले. तुम्ही आलात तेव्हा मी म्हणालो होतो, हे काही एक हिवाळा काढत नाहीत. मी मूर्ख होतो. तुम्हाला खिडकीची वाऱ्याची जागा दिली, तुम्ही कधी कुरकुर केली नाही. तुमच्या येण्याआधी आमची यंत्रं निम्मा केफिर जमिनीवर सांडायची."

"झाडाने यंत्रं दुरुस्त केली?" ग्रिशाने मला विचारलं.

"गप्प बस, ऐक," मी म्हणाले.

स्तेपानने गिरमिट पुढे आणलं, त्याला लाल फीत बांधली होती. "तिखोन लुकिच, माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही, तुम्हाला माहितीये. नदी गोठली की मला एकट्याने बसायला लागतं. यंदा तुम्ही याल म्हणून हे आणलंय. तुम्हाला हात नाहीत, तर तोपर्यंत ग्रिशा सांभाळेल."

मग माझी पाळी आली. मी पानाला हात लावला आणि म्हणाले, "तिखोन लुकिच, तुम्ही रोज माझ्या गुडघ्याची चौकशी करता. ती दुसरं कुणी करत नाही." कपितोलिनाने मला पाणी दिलं.

ग्रिशाने हळूच विचारलं, "किती वर्षांचे झाले हे?"

"तेवीस," सगळे एका सुरात म्हणाले.

"एवढं झाड? चाळीसचं तरी असेल."

पेला पडला. सगळे एकदम डाव्या खांद्यावरून थुंकायला लागले, आणि हाताला दुसरं लाकूड नव्हतं म्हणून वॅलेरियान निकितिच तिखोन लुकिचच्या बुंध्यावरच बोटं आपटत सुटले. ग्रिशा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. दोन वर्षं इथे काढली होती त्याने, अगदीच काही मठ्ठ नाही.

"म्हणजे तिखोन लुकिचचं वय बोलायचं नाही," तो सावकाश म्हणाला.

"नाही."

"आणि साजरंही करायचं नाही."

"अजिबात नाही."

"आणि ते स्वतःच करायला निघाले तर?"

"तर जीव तोडून अडवायचं," मी म्हणाले. "त्यांना कितीही राग आला तरी. राग जातो रे, बाळा."

ग्रिशाने कोट काढून खुर्चीवर टाकला. मग तो झाडाशेजारी उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "तिखोन लुकिचना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने मी सांगतो. ते म्हणतात, ते राहतायत. पण त्यांना खिडकीपासून लांब जागा पाहिजे." मी रडले, मला लाज नाही वाटत सांगायला. पाचला पाच कमी असताना तो वर जाऊन सही करून आला. केक संपला, काकडी संपली. शिऱ्याला मात्र कुणी हात लावला नाही. त्याने दोनदा वाढायला घेतला, दोनदा सगळ्यांची पोटं गच्च भरली होती.

पुढच्या आठवड्यात तिखोन लुकिचचं पहिलं पान पडलं. मग रोज पडायला लागली. जागा हलवली म्हणून असेल, त्या दिवशी दार उघडंच राहिलं होतं, वारा लागला असेल. आम्ही पाणी घातलं, हीटर लावला. पंधरवड्यात नुसता बुंधा उरला, आणि वॅलेरियान निकितिचनी तो नखाने खरवडून पाहिला तर आत हिरवं काही नव्हतं.

"तेवीस सांगून काय उपयोग," ते म्हणाले. "वर सगळं ठाऊक असतं."

सगळे ग्रिशाकडे बघत होते. दाट केसांचा, धडधाकट. मला वाटलं तो हसेल, आमच्या असल्या गोष्टींना तो नेहमी हसतो. पण तो खाली बसला आणि कुंडीभोवतीची पानं एकेक करून गोळा करायला लागला.

मग नव्या वर्षाच्या सुट्ट्या आल्या, नदी गोठली, तो आणि स्तेपान गिरमिट घेऊन बर्फावर बसून आले. जानेवारी अर्धा उलटला तेव्हा एका सकाळी ग्रिशा टॉवेलात गुंडाळलेलं तेच मोठं पातेलं घेऊन आला. माझ्या गुडघ्याची चौकशी केली. "एक वाजता," एवढंच म्हणाला. मी मनात मोजलं, तिखोन लुकिचना जाऊन किती दिवस झाले, आणि उठून कपितोलिनाला सांगायला गेले. ती आधीच काळा रुमाल बांधत होती.

एकाला पाच कमी असताना मीटिंगच्या खोलीत बसायला जागा नव्हती. कारखान्यातले भिंतीला टेकून उभे होते, मोठे साहेबही खाली आले होते. रिकामी कुंडी टेबलाच्या टोकाला ठेवली होती. ग्रिशा प्रत्येकाच्या बशीत स्वतःच्या हाताने वाढत गेला, गरम, वर बेदाणे. वॅलेरियान निकितिचनी चमचा उचलला आणि वर बघून विचारलं, "ग्रिशा, ही कुटिया ना?"

"आज आहे," ग्रिशा म्हणाला.

मग सगळ्यांनी खाल्लं. वॅलेरियान निकितिचनी दोनदा मागून घेतलं.